पाचगणीची जमीन आणि मालकाचे कर्तव्य



सातबारावर नाव लागले की जमिनीचे काय करावे ते मालकाने ठरवावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाचगणीच्या परिसरात ती अपुरी ठरते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी संपूर्ण महाबळेश्वर तालुका आणि जावळी तालुक्यातील पाच गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केली. त्यापूर्वी १९९१ मध्ये डहाणूला आणि नंतर २००३ मध्ये माथेरानला हेच संरक्षण मिळाले.

ही बंधने कशासाठी, हे टेबल लँडवर उभे राहिल्यास कळते. वर जांभ्याचा थर, खाली काळा पाषाण. पावसाळ्यातील पाणी सच्छिद्र जांभ्यात मुरते आणि खालच्या कठीण थरावर अडून कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वरच्या मालकाने डोंगर फोडला किंवा खोल विंधनविहीर घेऊन बेसुमार उपसा केला, तर खालच्या वाडीतील बायकांची पाण्यासाठीची पायपीट वाढते. म्हणूनच भूजलाचा उपसा शेती आणि घरगुती वापर एवढ्यापुरताच, तोही त्या जागेवर राहणाऱ्याच्या गरजेपुरता, मर्यादित ठेवला आहे. आपल्याच विहिरीचे पाणी पूर्वपरवानगीशिवाय टँकरने विकता येत नाही.

झाडांचेही तसेच. खाजगी जमिनीवरील झाड तोडण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पाचगणीतील सिल्व्हर ओक इंग्रजांनी आणलेला, तो तोडला तर काय बिघडले, असे अनेकजण म्हणतात. परंतु अधिसूचनेत देशी-परदेशी असा भेद नाही. तीव्र उताराच्या व अधिक धूप होणाऱ्या जागी बांधकामास मनाई आहे.

खरा वाद आहे तो शेतजमिनीच्या वापराबाबत. शेती, फळबागा यांसारख्या हरित जमिनीचा वापर बदलता येत नाही. स्थानिक रहिवाशांच्या निवासाच्या गरजेपुरती मर्यादित सवलत आहे. ही सवलत न्याय्यच आहे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या कुटुंबात मुलगा वेगळा झाला, तर त्याने खोली कोठे बांधावी? मात्र त्याच्या नावावर परवानगी काढून पुढे तेथे पर्यटकांचे निवास उभे राहिले, तर सवलतीचा हेतूच नष्ट होतो आणि पुढच्या खऱ्या गरजूच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ग्रामस्थांना आवर्जून सांगावी. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे आणि घरपट्टी भरली म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. नियमभंगासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आल्यावर तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आला. तुरुंग गेला म्हणजे धाक गेला, असे मात्र समजू नये. बांधकाम थांबविण्याचे, तसेच वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार कायद्यात कायम आहे.

गट खरेदी करण्यापूर्वी त्याचे स्थान विकास आराखड्यात कोणत्या विभागात येते, हे नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे. पाचगणी शहराच्या हद्दीत नगरपरिषदेकडे विचारावे. इसार देण्याआधी हा कागद हाती असावा.