कर्तृत्वाचा दाखला



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "वैद्यकीय संशोधन समजले, पण अमेरिकेत कायमचे राहण्याच्या परवान्याचा या व्याख्यानमालेशी संबंध काय?" संबंध इतकाच की, आपल्यापैकी कित्येकांचा मुलगा, सून किंवा भाची तिकडच्या प्रयोगशाळेत आहे, आणि घरी फोन येतो त्यात रोगजंतूंपेक्षा कागदपत्रांचीच चर्चा अधिक असते.

आरंभ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्यापासून करू. हा आंध्रातील डॉक्टर १९२० नंतरच्या वर्षांत बोस्टनला गेला. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची रीत त्यांनी फिस्क यांच्यासह १९२५ साली बसविली. पुढे लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखाली हत्तीरोगावरचे डायएथिलकार्बामाझिन निघाले. विदर्भात घरोघर वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच औषध असते. पण १९२३ साली तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने, भारतीय मनुष्य 'गोरा' नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निर्णय दिला होता. १९४६ च्या कायद्याने ते दार किलकिले झाले, तेही वर्षाला सुमारे शंभर माणसांपुरते. १९४८ साली सुब्बाराव वारले, ते नागरिक न होताच. तू काय केलेस, हा प्रश्न त्या काळच्या कायद्यात जवळजवळ नव्हताच. वंश कोणता आणि जन्म कोठला, हेच मुख्यतः पाहत.

आज तो प्रश्न आहे. १९९० च्या कायद्याने आखलेल्या वाटांपैकी दोन संशोधकाच्या विशेष कामाच्या. एरवी मालकाने अर्ज करावा लागतो आणि बहुधा या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही हेही दाखवावे लागते. या दोन वाटांनी मात्र संशोधक स्वतःच अर्ज करू शकतो. पहिली असामान्य गुणवत्तेची. नोबेलसारखे पारितोषिक असेल तर उत्तमच. नसेल तर दहा कसोट्यांपैकी निदान तीन उतराव्या लागतात. तीन उतरल्या म्हणजे काम झाले असेही नाही. त्यानंतर सगळा पुरावा एकत्र तोलून पाहतात. दुसरी वाट राष्ट्रहिताची. तिचे निकष २०१६ साली एका विमानशास्त्रीय संशोधकाच्या प्रकरणात ठरले: काम मोलाचे आणि राष्ट्रीय महत्त्वाचे आहे काय, ते पुढे नेण्यास हा माणूस समर्थ आहे काय, आणि मालकाची अट सोडण्यात देशाचे हित आहे काय.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण संशोधिका अर्जाचा मसुदा घेऊन आमच्याकडे आली. क्षयाचे जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे लवकर ओळखण्याच्या रीतीवर तिचे काम. मसुद्यात तिने लिहिले होते, "मी कष्टाळू आहे आणि प्राध्यापकांचा माझ्यावर विश्वास आहे." आम्ही म्हटले, "अगं, हे तर कोणीही लिहील. तुझी रीत वापरली कोणी?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयाने माझा निबंध वाचून आपली तपासणी बदलली, म्हणे. पण ते कशाला लिहायचे, काका?"

कशाला लिहायचे! आपल्या घरांत स्वतःविषयी बोलणे हा उद्धटपणा. कोणी विचारल्याशिवाय पहिला नंबरसुद्धा सांगायचा नाही. आम्हांला तो संस्कार वाईट वाटत नाही. पण तिकडचा अधिकारी तिला ओळखत नाही, क्षयरोगही जाणत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतात. मार्गदर्शकाच्या पत्राला वजन आहे. पण तिला कधीही न भेटलेल्या तज्ज्ञाने 'आम्ही हिची रीत वापरली आणि हा फरक पडला' असे लिहिले, तर त्याचे वजन निराळेच. तिने त्या रुग्णालयाकडून तसे पत्र मागवले. नियतकालिकांसाठी इतरांचे निबंध ती फुकट तपासून देत असे. तेही दहा कसोट्यांपैकी एका कसोटीत बसते. पण आलेल्या विनंत्या तिने पुसून टाकल्या होत्या. संपादकांना लिहून पुन्हा दाखले मिळवण्यात दोन महिने गेले.

राष्ट्रहिताच्या वाटेने तिचा अर्ज मंजूर झाला. पण मंजुरी म्हणजे परवाना नव्हे. नोकरीच्या सर्व वर्गांना मिळून वर्षाला सुमारे १,४०,००० जागा. बायकामुले त्यांतच धरतात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक नाहीत. देश ठरतो तो जन्मस्थानावरून, नागरिकत्वावरून नव्हे. म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची. वाट पाहता पाहता मुले एकवीस वर्षांची झाली, तर आईबापांच्या अर्जातून ती गळू शकतात.

आमच्या या मुलीचे मात्र लवकर झाले. तिच्या यजमानांचा जन्म नैरोबीचा. वडील तेव्हा तिकडे नोकरीस होते. पतीच्या जन्मस्थानाचा आधार पत्नीला घेता येतो, म्हणून ती केनियाच्या रांगेत लागली. तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्याच तोडीचे काम करणारा एक गृहस्थ आहे. तो आणि त्याची पत्नी दोघेही साताऱ्याचे. त्याचाही अर्ज मंजूर आहे. दर महिन्याला तारखांचे पत्रक निघते, ते तो पाहतो, आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसतो.