वाकळेतली गावं

प्रवासाची आठवण म्हटली की आपल्याला फोटोंचा अल्बम आठवतो, हल्ली मोबाइल. माझ्या अम्मीला लिहिता-वाचता येत नाही आणि कॅमेरा आमच्या घरात कधी नव्हता. तिनं आपला प्रवास वाकळेत शिवून ठेवला आहे.

आमचं घर मणेराचं, म्हणजे बांगड्या भरणाऱ्यांचं. सातारा-सांगलीच्या जत्रांवर आमचं पोट. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पौषात पालच्या खंडोबाचं लग्न, शिवाय पुसेगाव, खरसुंडी. अब्बांच्या खांद्यावर बांगड्या, अम्मीच्या डोक्यावर चूल-भांडी. बांगड्या ज्या फडक्यात बांधून नेल्या, ते फाटलं की त्याचं ठिगळ वाकळेला लागायचं. एका ठिगळावर फिकट गुलाबी डाग आहे. "ये म्हसवड का है, देख," अम्मी म्हणते. रथावर उधळलेला गुलाल किती धुतला तरी पुरता गेला नाही. पिवळसर आहे ते पालच्या भंडाऱ्याचं.

मधोमध एक जाडाभरडा तुकडा आहे, अब्बांच्या पटक्याचा. १९७२च्या दुष्काळात बांगड्या कोण भरणार? त्या वर्षी दोघं खडी फोडायला गेली. तोही प्रवासच, पण त्या गावाचं नाव अम्मी अजून घेत नाही.

वाकळ शिवणं सोपं दिसतं. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं, मग कडेकडेनं धावदोरा घालत आत यायचं. बोटं सोलून निघतात. आता शहरांतल्या प्रदर्शनांत नव्याकोऱ्या कापडाच्या सुबक गोधड्या मिळतात. शिवणाऱ्या बायांना चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण नव्या कापडाला आठवण कुठली असणार?

विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. तिकडच्या एका घरात मी केरळातल्या सोनेरी काठाच्या पांढऱ्या कापडाची ठिगळं पाहिली. शिवणारी म्हातारी मिरजेपलीकडे गेलेली नव्हती. मुलगा सुट्टीला आला की त्याचं जुनं कापड ती काढून घ्यायची.

अडचण एवढीच, की ही लिपी शिवणारीलाच वाचता येते. ती गेली की उरतं ते जुनेर, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी वही घेऊन अम्मीजवळ बसतो. ती बोट ठेवते, गाव सांगते, मी लिहितो. मध्येच तिला बांगड्यांचे भाव आठवतात, कुणाचं तरी बाळंतपण आठवतं, तेही लिहितो. तेवीस ठिगळं झाली आहेत, अकरा राहिली आहेत. ती आता लवकर दमते, म्हणून रोज एकच घेतो.