हाळी देणाऱ्याचा खांदा

(जव्हार इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

रॅप करणाऱ्यांची सामाजिक जबाबदारी, यावर मी बोलावं असं तुम्ही कळवलंत. खरं सांगतो, जबाबदारी हा शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. हा शब्द आपल्यावर नेहमी वरून फेकला गेलाय. झोपडपट्टीतल्या पोरानं जबाबदारीनं बोलावं. पाड्यावरच्या पोरानं तोंड सांभाळावं. ज्यांनी जमिनी गिळल्या, ज्यांनी शिधा खाल्ला, त्यांना जबाबदारीवर भाषण द्यायला कुणी बोलावत नाही. म्हणून पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या हातातून काढून घेऊ, आणि मग बोलू.

मी गोदीत काम करतो. आता क्रेन आल्या, पण क्रेन जिथं पोचत नाही तिथं आजही माणूसच वाकतो. जड लोखंड सरकवायचं तर टोळीतला एक जण हाळी देतो आणि बाकीचे हैशा म्हणून जोर लावतात. हाळी चुकली तर ताल चुकतो असं नाही दोस्तांनो, कुणाच्या तरी पायाचा चेंदा होतो. म्हणून टोळीचा एक नियम आहे. हाळी देणाऱ्याचा खांदाही त्याच ओझ्याला लागलेला पाहिजे. बाजूला उभा राहून हाळी देतो तो मुकादम. खांदा लावून देतो तो आपला.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तुम्हाला हे मी काय शिकवणार? तुमच्याकडे तारपा आहे. दुध्या भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण. बाजारातून काही आणावं लागत नाही. वाजवणारा मधे, आणि त्याच्याभोवती कमरेला हात घालून अख्खा पाडा फिरतो. त्यानं सूर बदलला की नाच उलटा फिरतो. शंभर पाय एका माणसाच्या श्वासावर! केवढी ही सत्ता! पण तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही, आणि वाजवणाराही कुणापासून लपू शकत नाही. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. इथल्याच वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांना सरकारी सन्मानही मिळाले. बरं झालं. पण हेच सरकार दुसऱ्या गाण्याचं काय करतं, ते पुढं सांगतो.

रॅप काही आभाळातून पडलं नाही. मे 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1973 ला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या पोरानं एका इमारतीत पार्टी केली, आणि तिथून रॅपचा जन्म धरतात. काळ्यांची वस्ती, पडकी घरं, बेकारी. आपलीच चाळ, फक्त थंडी जास्त. ज्याच्याकडे पेटी-तबला शिकायला पैसे नाहीत, त्यानं जिभेचाच तबला केला. आपल्या जलशांनी, आपल्या शाहिरांनी तेच केलं होतं. तेव्हा रॅप परकं आहे असं म्हणणाऱ्या संस्कृतीरक्षकांना खुशाल खड्ड्यात जाऊ द्या.

आता ती जीभ मोबाइलवरून मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यात पोचलीय. वीटभट्टीवर जगायला गेलेला पोरगा रात्री कानात रॅप घालून झोपतो. पुस्तक जिथं पोचत नाही, पुढाऱ्याची गाडी फक्त मतांसाठी पोचते, तिथं हे गाणं रोज पोचतं. म्हणून सत्ता घाबरते. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर खोक्यांच्या गाण्यासाठी अंबरनाथला गुन्हा नोंदला. गाण्यात नाव कुणाचंच नव्हतं. ज्यांना टोचलं त्यांनी ते आपलंच म्हणून ओळखलं! त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवर गुन्हा. तारप्याला शाल, रॅपला कलम. तारपा नुसता नाचवतो असं त्यांना वाटतं म्हणून शाल. ज्या दिवशी तारप्याचा सूर उलटा फिरेल त्या दिवशी शालही काढून घेतील.

त्यांच्या लेखी जबाबदार रॅपर म्हणजे गप्प रॅपर. ही जबाबदारी आपण लाथाडतो. पण मग आपल्या घरात बघायचंच नाही का? बघायचं. नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?

2019 साली ‘गली बॉय’ आला आणि कंपन्यांना गल्ली सापडली. गल्लीतली भूक त्यांना नको होती, गल्लीतला ताव हवा होता. आपली पोरंही सोन्याची साखळी, गाडी, दारू यांच्यावर लिहायला लागली. आणि शिव्या. शिवीचं मला वावडं नाही, गोदीत राहतो मी. पण व्यवस्थेला शिवी द्यायची तर दरवेळी कुणाच्या तरी आईबहिणीच्या अंगावरून का जाता? ही कसली बंडखोरी? ही तर पाटलाच्या वाड्यातली भाषा. महादेव कोळी समाजातली माही जी ही मुलगी जंगलाच्या हक्कावर रॅप करते. ती कुणाच्या आईवर न घसरता जंगल मागते. तिच्याकडून शिका.

आता माझी गोष्ट. ही सांगायलाच मी आलोय.

मी कुपोषणावर एक रॅप लिहिलं होतं. 1992-93 साली वावर-वांगणीत शंभरावर पोरं गेली, हे वाचून लिहिलं. तेव्हा मी जव्हार पाहिलं नव्हतं. मुंबईत टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. कार्यक्रमानंतर मोखाड्याचा एक पोरगा भेटला, बांधकामावर बिगारी. तो म्हणाला, ‘‘दादा, तुझ्या गाण्यात आम्ही नुसते मरतो. आम्ही जगतो कधी?’’

आयला, मला उत्तर नव्हतं. मी तुमच्या मढ्यांवर टाळ्या कमावल्या होत्या. खांदा न लावता हाळी दिली होती. मी मुकादम झालो होतो.

मग कळलं, मी काय काय गाळलं होतं. 1945 साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगार झुगारली, गोळ्या खाल्ल्या, लग्नगडी मोकळे झाले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते लिहून ठेवलंय. ते माझ्या गाण्यात नव्हतं. आणि मोखाड्यात 2014 साली पुरं झालेलं मध्य वैतरणा धरण? रोज 455 दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी बांधलेलं. उन्हाळ्यात इथल्या बाया हंडा घेऊन टँकरची वाट बघतात, आणि मी मुंबईत नळाखाली तोंड धुऊन तुमच्या दुःखावर रॅप लिहितो! ते पाणीही माझ्या गाण्यात नव्हतं. कारण ते आलं असतं तर गुन्हेगारांच्या रांगेत मीही उभा दिसलो असतो.

‘स्वदेशी’ या मुंबईच्या पोरांनी वारल्यांवर, आरेच्या जंगलावर गाणं केलं, तेव्हा आरेच्या पाड्यावरच्या प्रकाश भोईरांचा आवाजच त्यात घेतला. ऑक्टोबर 2019 मध्ये रातोरात झाडं पडली. गाण्यानं झाडं वाचत नाहीत. पण ज्याचं जंगल त्याचा आवाज गाण्यात होता. हा झाला खांदा.

तर दोस्तांनो, लिहा. मराठीत लिहा, वारलीत लिहा, कातकरी बोलीत लिहा. व्याकरणाला भिऊ नका, पोलिसांना भिऊ नका. पण ज्याच्यावर लिहिलंय त्याला पहिलं ऐकवा, मग मोबाइलवर टाका. गाण्याचे पैसे आले तर ज्याची गोष्ट आहे त्याचा वाटा काढा. आणि उद्या आपल्यातल्या कुणावर गुन्हा पडला, तर लाइक देऊन घरी बसू नका. ठाण्याच्या दारात जा. कोर्टाच्या तारखेला जा.

ते जुनं रॅप मी खिशात आणलंय. बैठक संपली की तुम्ही गोल करून बसा. मी मधे उभा राहून वाचतो. जी ओळ तुम्हाला खोटी वाटेल तिथं हात वर करा, मी ती इथंच खोडतो. सगळंच खोडावं लागलं तरी चालेल. मग आपण मिळून नवं लिहू, आणि त्यात या वेळी पाणी कुठं जातं ते लिहू.

जय भीम. जोहार.