गाडीची थरथर

जुन्या गाडीची थरथर ही म्हाताऱ्या माणसाच्या अंगदुखीसारखी असते. औषध ज्याला त्याला ठाऊक. पण दुखतें कोठें, हें नीट विचारणारा विरळा. आज एका जीपची हकीकत सांगतों.

जीप माझ्या मामांची. नारायणगांवाजवळ त्यांची द्राक्षांची बाग आहे. गाडी १९६५ च्या सुमाराची, तीन गिअरची, विलीसच्या नमुन्यावर आपल्याकडेच तयार झालेली. २०११ सालीं ती ताशीं पन्नास किलोमीटरच्या पुढें गेली कीं तिचा तळ थरथरूं लागे. गांवच्या मिस्त्र्यानें प्रॉपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे घातले. मग चाकें तोलून घेतलीं. मग टायर बदलले. थरथर कायम. अखेर निदान झालें कीं डिफरन्शल संपलें. सबंध मागचा आंस बदला, नाहीं तर गाडी भंगारांत घाला. त्या वर्षीं अवकाळी पावसानें बाग झोडपलेली. मामांनीं भंगारवाल्यास निरोपहि धाडला. मामी मात्र दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. लग्न होऊन त्या घरीं आल्या त्या याच गाडींतून.

मी गेलों तेव्हां हत्यारांच्या पेटीला हात लावला नाहीं. म्हटलें, "मामा, आधीं एक फेरी मारूं या. ही थरथर कोणाच्या तालावर चालते, तें पाहूं."

"अरे, थरथर ती थरथर! तिला ताल कसला?"

ताल असतो. सपाट रस्ता आणि मागेंपुढें वाहन नाहीं असें पाहून गाडी साठावर आणली व न्यूट्रलमध्यें सोडली. इंजिनाचा आवाज पडला. थरथर पडली नाहीं. म्हणजे इंजिन निर्दोष. आतां हिशेब. त्या टायरचा घेर सुमारें २.२ मीटर. ताशीं साठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला हजार मीटर. तेव्हां चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतें. चाकाचा दोष असला तर माणूस आसनावर डुलतो. त्या आंसाच्या दांत्यांचें प्रमाण ५.३८ असल्यामुळें शाफ्ट मात्र सेकंदाला चाळीसांवर फेरे घेतो. आम्हांला जाणवत होतें तें डुलणें नव्हे. पायाच्या तळव्याला मुंग्या याव्या तशी ती बारीक गुणगुण होती. चाकें सुटलीं. राहिलें डिफरन्शल. त्याचे दांते झिजले तर एक हुंकार ऐकूं येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबतां सोडतां त्याचा सूर बदलतो. येथें तसा हुंकारच नव्हता.

घरीं येऊन चाकांना दगड लावले आणि खालीं शिरलों. जीप उंच, म्हणून जॅक लागला नाहीं. आपल्या मोटारीखालीं नुसत्या जॅकच्या भरंवशावर मात्र कृपा करून कोणीं शिरूं नये. पाट्यांवर आंस वरखालीं होतांना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून त्यांत एक सरकता सांधा असतो, आणि त्याच्या दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. ग्रीस व चिखल खरवडला. बाण समोरासमोर नव्हते.

याचें महत्त्व काय? क्रॉसला एक जन्मखोड आहे. दोन दांडे एकमेकांशीं तिरके असले कीं पहिला सारख्या गतीनें फिरला तरी दुसरा तसा फिरत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो, दोनदां रेंगाळतो. सतराव्या शतकांत लंडनच्या रॉबर्ट हूकनें या सांध्याचा अभ्यास केला होता. दहा अंशांच्या तिरकेपणांत ही चूक शेंकडा दीड होते. ऐकावयास क्षुल्लक, पण सेकंदाला ऐशी वेळां! म्हणून दुसरा क्रॉस असा बसवितात कीं पहिल्याची चूक त्यानें उलट फेडावी. त्यासाठीं शाफ्टच्या दोन्ही टोंकांचे चिमटे एका पातळींत हवेत. सांधा उलगडून परत घालतांना तो फिरला तर फेड अपुरी राहते. नव्वद अंश फिरला तर कर्ज दुप्पट होतें.

मामांनीं जुने क्रॉस फळीवर ठेविले होते. त्यांच्या खुंटांवर बेअरिंगच्या सुयांनीं खोल खाचा पाडलेल्या. म्हणजे मिस्त्र्याचें पहिलें निदान अगदीं खरें होतें! क्रॉस बदलल्यानें एक रोग गेला, आणि बदलतांना दुसरा जडला. दोघांचें लक्षण एकच, त्यामुळें सर्वांना वाटलें, जुनाच चालू आहे. पुढें जें जें बदललें तें चांगलेंच होतें.

मिस्त्र्यास बोलावलें. बाण पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, खूण करायची राहिली माझ्याकडून." अर्ध्या तासांत त्यानें सांधा उलगडून बाणाला बाण जुळविला, आणि मजुरी घेतली नाहीं. संध्याकाळीं मामांनीं गाडी सत्तरावर नेली. मामी शेजारीं बसल्या होत्या.

भंगारवाला दुसऱ्या दिवशीं सकाळीं आला. मामींनीं त्याला चहा दिला, आणि ते दोन जुने क्रॉस जोखून दिले.