मक्याच्या सालपटाचा देवदूत आणि आपला रोज

(प्रभागसंघाच्या सप्टेंबरच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



गौरी-गणपती नुकतेच उठले. अजून घराघरांत मखराचा थर्माकोल नाहीतर कापडाचे पडदे कोपऱ्यात पडलेत आणि मी नाताळचं बोलायला उभी राहिले. मागच्या आठवड्यात एका गटात हा विषय काढला तर एक मावशी म्हणाल्या, "आगं पोरी, आपल्यात कुठं असतंय हे नाताळ? आधी दसरा-दिवाळी तर होऊं दे." मावशींचं चुकलं नाही. पण नाताळच्या वस्तू विकायच्या असतील तर बोलणं आत्ताच करावं लागतं, डिसेंबरमध्ये नाही. का ते सांगते.

नाताळ 25 डिसेंबरला. पण ख्रिस्ती घरांत तयारी चार रविवार आधीपासून सुरू होते. दारात तारा लागतो तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तो 6 जानेवारीपर्यंत राहतो. म्हणजे ज्याला तारा विकत घ्यायचा तो नोव्हेंबरच्या शेवटी घेणार. महाबळेश्वर-पाचगणीचे दुकानदार पर्यटकांसाठी माल भरतात तोही तेव्हाच. दिवाळी झाली की आपल्या हातात चार-पाच आठवडे उरतात, त्यात ऊसतोडी सुरू होतात, रब्बीच्या पेरण्या असतात. मागच्या वर्षी आपल्याच एका गटाने 15 डिसेंबरला तारे करायला घेतले. तारे सुंदर झाले होते. पण तयार होईपर्यंत 22 तारीख उजाडली. एका दुकानदाराने "ठेवून जा, विकले तर पैसे देतो" म्हणून ठेवून घेतले. पैसे आले नाहीत, तारेही परत आले नाहीत. कागद आणि कामट्यांचे पैसे बायांनी स्वतःच्या बचतीतून भरले. कौतुक सगळ्यांनी केलं, पण कौतुकाने हप्ता फिटत नाही.

आता "आपल्यात कुठं असतंय" याचं बोलू. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हे असतंय, मावशी. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात आपल्यापैकी कितीतरी जणी बाळंत झाल्यात. ते 1894 चं, डॉक्टर विल्यम वानलेस यांनी सुरू केलेलं. त्यांच्याच नावाची वानलेसवाडी सांगली-मिरजेच्या मध्ये आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला होता. मिरज तालुक्यातल्या आपल्या एका गटात तीन ख्रिस्ती बहिणी आहेत. दिवाळीत गटाचे आकाशकंदील त्या सगळ्यांबरोबर बसून बांधतात, हिशोबाची वही त्यांच्यातलीच एक लिहिते. त्यांच्या सणाच्या वस्तू आपण करायच्या की नाही, असा प्रश्न मला तरी पडत नाही. ज्या ताईला घरातून अडचण असेल तिने दुसरं काम घ्यावं, गटात जबरदस्ती नको. पण ज्यांचा सण आहे त्यांना विचारून करायचं, एवढं मात्र पक्कं धरा.

विचारल्यावर काय कळतं बघा. मला वाटायचं की गोठा सगळेच मांडतात. त्या ताईंनी सांगितलं की तसं नाही. गोठा मांडायची रीत कॅथॉलिक घरांत जास्त. वसईकडे आणि गोव्यात तर तरुण मुलं मोठमोठे गोठे करतात, स्पर्धा लागतात. मिरज-सांगलीकडची बरीच घरं प्रोटेस्टंट मिशनची, तिथे तारा आणि झाडाची सजावट जास्त चालते. म्हणजे मिरजेत आपण पन्नास गोठे घेऊन गेलो तर पंचेचाळीस परत आणू. हे पुस्तकात वाचून कळलं नसतं.

गोठा म्हटल्यावर तुम्ही हसलात. पण खरंच, येशूचा जन्म झाला तो गोठ्यात आणि बाळाला निजवलं ते गव्हाणीत. गव्हाण म्हणजे काय हे शहरातल्या बाईला चित्र काढून दाखवावं लागतं, तुम्ही ती रोज साफ करता. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे गोठे बघा, त्यात कडबा कुठे, दावं कुठे? आपली पोरं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, त्यावर मोहरी, हळीव पेरतात. घटाला आपण धान्य पेरतो. तीच कला इथे कामाला येते. ज्वारीच्या धाटाच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली मातीच्या थाळीत गहू नाहीतर नाचणी पेरून वर आलेलं हिरवं रान. 15-16 डिसेंबरला पेरलं तर 24 पर्यंत बोटभर उंच होतं. बाळाची मूर्ती आपण करायची गरज नाही, ती बहुतेक घरांत असते आणि 24 च्या मध्यरात्रीनंतरच गव्हाणीत ठेवतात. आपण रिकामी गव्हाण द्यायची.

आता साल्याबद्दल... माफ करा, सालपटाबद्दल. (बैठकीत इथे सगळ्या हसल्या, म्हणून तसंच ठेवलंय.) मक्याच्या कणसाची आतली पांढरी, मऊ सालपटं आपण जनावरापुढे टाकतो किंवा जाळतो. खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतो, म्हणजे अगदी वेळेवर. वरची जाड, काळी पडलेली दोन-तीन पानं काढून टाका. आतली सावलीत वाळवा, बुरशीचा ठिपका असलेलं एकही घेऊ नका. करायच्या वेळी दहा मिनिटं पाण्यात बुडवा, कापडासारखी वळतात. एका सालपटात कापसाचा गोळा ठेवून दोऱ्याने आवळलं की डोकं झालं. एक सालपट गुंडाळून आडवं घातलं की हात. कमरेला बांधून खाली पानं सोडली की घागरा, आणि मागे दोन पानं पंख्यासारखी बांधली की देवदूत. पूर्ण वाळेपर्यंत उभा ठेवा, नाहीतर घागरा एका बाजूला कलतो. तोंडाला नाक-डोळे काढू नका. कोरा चेहराच छान दिसतो, आणि खरं सांगायचं तर आपण काढलेले डोळे प्रत्येकीचे वेगळे होतात, मग दुकानदार त्यातले दहा बाजूला काढतो.

बाकीचं सामान शेतात, बांधावर आणि रस्त्याकडेला पडलेलं आहे. सुरूची छोटी बोंडं, निलगिरीची फळं, चिंचोके, सीताफळाच्या बिया, करवंटी, वाळलेलं घोसाळं. घोसाळ्याच्या जाळीच्या आडव्या चकत्या कापल्या की आपोआप नक्षी तयार होते, नुसता दोरा ओवायचा. उसाला डिसेंबरच्या सुमारास तुरे येतात, ते पूर्ण फुलायच्या आत काढून उलटे टांगून वाळवले तर झडत नाहीत. पाचगणीकडच्या ताईंना सिल्व्हर ओकची गळालेली पानं मिळतील. ती वरून हिरवी आणि खालून रुपेरी असतात. ती उलटी लावली की चंदेरी रंग विकत आणायला नको. शिवणकाम करणाऱ्या ताईंकडच्या लाल-हिरव्या चिंध्या फेकू नका.

रंगाचं म्हणाल तर सांगली हळदीची पेठ, आपल्याला वेगळं सांगायला नको. हळदीत चुना कालवला की लाल होतो, जुन्या बायका कुंकू असंच करायच्या. पण हळदीचा रंग उन्हात उडतो. म्हणून दारात लागणाऱ्या वस्तूला गेरू वापरा, घरातल्या वस्तूला हळद चालेल.

दोन गोष्टी मात्र अजिबात चालणार नाहीत. एक, गुंज. लाल-काळी गुंज फार देखणी दिसते आणि नाताळच्या लाल रंगाला शोभते, पण ती विषारी आहे. माळेसाठी भोक पाडलेली गुंज तर जास्तच, कारण वरचं कठीण कवच फुटलेलं असतं. ओवणाऱ्या बाईच्या बोटाला सुई टोचली तरी धोका, आणि झाडाला लटकवलेली माळ लहान मूल तोंडात घालणारच. एरंडाच्या बियाही नकोत. दुसरी गोष्ट, जंगलातून काही तोडायचं नाही. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे. झाडावरचं शेवाळ गोठ्यासाठी खरवडून आणलं तर ते परत यायला वर्षं लागतात आणि वनखात्याची पावती आपल्या गटाच्या नावाने फाटते. खाली पडलेलं, आपल्या शेतातलं, तेवढंच घ्यायचं.

बिया आणि बोंडं तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. तसं न करता पिशवीत बांधलीत तर महिन्यात भुंगा लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी भुंगा निघाला की पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक आपलं नाही.

तारा तुम्हाला शिकवायला नको, आकाशकंदील बांधता येतो तिला तारा येतो. दोन-दोन फुटांच्या पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या. पाचही टोकं एकमेकींना बांधायची आणि मधल्या पाच जोडांमध्ये चार-चार बोटांच्या काड्या उभ्या अडकवायच्या, की पोट फुगतं. वर पतंगाचा कागद. आत छोटा एलईडी दिवाच सांगा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. कामट्या मात्र गावातल्या बुरुडाकडून विकत घ्या. आपण स्वतः बांबू फोडायला बसून त्यांचं काम काढून घेऊ नये, आणि त्यांच्यासारखी सारखी कामटी आपल्याला निघतही नाही.

कागद दुमडून केलेल्या ताऱ्याची एक गोष्ट सांगते. जर्मनीत नीस्की नावाच्या गावी एका वसतिशाळेत 1830 च्या सुमारास मुलांना भूमिती शिकवताना कागदाचे टोकदार कोन जोडून तारा करायला लावत. मुलं तो तारा घरी नेऊन लावायला लागली. पुढे जवळच्या हेर्नहुट गावात त्याचा कारखाना निघाला आणि आजही ते तारे तिथे हाताने जोडले जातात. फिनलंडमध्ये राईच्या काडाचे तुकडे दोऱ्यात ओवून झुंबरं करतात. आपल्याकडे गव्हाचं काड आहे, पण मळणी मशीनमधून त्याचा भुसा होतो. म्हणून येत्या मार्चमध्ये दोन-चार पेंढ्या विळ्याने कापून, मशीनला न घालता बाजूला ठेवा. ते पुढच्या वर्षीच्या नाताळला कामाला येईल.

आता हिशोब. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सामान फुकटचं आहे म्हटलं की आपण वस्तूही फुकट देऊन टाकतो. तुमच्या गावात खुरपणीचा रोज काय आहे? समजा सहा तासांचे 300 रुपये. म्हणजे तासाला 50. एका देवदूताला हात बसल्यावर 25 मिनिटं लागतात, म्हणजे 21 रुपये मजुरीचे. दोरा, डिंक, कापूस, फीत मिळून समजा 6 रुपये. खोक्याचे 4, वाहतुकीचे 3. झाले 34. दहातला एक मोडणार, त्याचे साडेतीन धरा. साडेसदतीस. दुकानदार म्हणणार, "ताई, पंचवीसला द्या, सालपट तर आहे." पंचवीसला दिलंत तर प्रत्येक देवदूतामागे साडेबारा रुपये तुम्ही त्याला स्वतःच्या खिशातून देता. त्यापेक्षा खुरपायला गेलेलं बरं, आणि हे मी गंमत म्हणून बोलत नाही. चाळीसच्या खाली हो म्हणायचं नाही. तो तीच वस्तू कितीला विकतो ते एकदा गिऱ्हाईक होऊन बघून या.

उधारीवर माल ठेवायचा नाही. निम्मे पैसे मागणी देताना, निम्मे माल उचलताना, आणि दोन्ही गटाच्या बँक खात्यावर. कागदावर सही घ्या, मग तो दुकानदार कितीही ओळखीचा असो. ओळखीचाच जास्त बुडवतो, हा माझा चार वर्षांचा अनुभव आहे.

आणि सगळ्या गटांनी एकच वस्तू करू नका. मिरजेच्या बाजूच्या गटांनी तारे घ्यावेत, जावळी-महाबळेश्वरकडच्यांनी पर्यटकांसाठी छोट्या, पिशवीत मावणाऱ्या वस्तू, वाळवा-कराडकडे मका आणि ऊस आहे तर सालपट आणि तुरे त्यांनी गोळा करून बाकीच्यांना विकावेत. हो, विकावेत. फुकट द्यायचं नाही, आपसातही नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एकेक नमुना करून आणा आणि त्याला किती मिनिटं लागली ते मोबाईलवर बघून चिठ्ठीवर लिहा. अंदाजाने लिहू नका. मिरजेच्या त्या तिघी येणार आहेत, कुठला नमुना त्यांच्या घरात चालेल आणि कुठला नाही ते त्याच सांगतील. दुकानदारांकडे जायला दोघी-दोघींच्या जोड्या त्याच दिवशी ठरवू. वाळलेली सालपटं असतील तर पोतंभर घेऊन या, गाडीभाड्याचं मी ऑफिसात बोलून ठेवलंय.