तारखेला चालतो, धड्याला का नाही?



नागपुरात वर्धा रोडवर राहाटे कॉलनीच्या पुढे एक लांबलचक भिंत लागते. तिच्याआडचं मध्यवर्ती कारागृह १८६४ सालचं. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात विनोबांनी इथे तुरुंगवास भोगला. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेच्या चारही भाषा शिकले. पुस्तकं होती आणि वेळ होता, त्यावर भागलं.

आज नागपूरच्या या कारागृहात इग्नू या मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. बंद्यांना फी पडत नाही. परीक्षा पास झाली की पक्क्या कैद्याला शिक्षेत काही दिवसांची माफीही मिळू शकते. माफीसाठीच शिकतात हो, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. बाहेर आपण तरी नोकरीसाठीच शिकलो ना! आणि मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातला याकूब मेमन याच तुरुंगातून एम.ए. झाला, आधी इंग्रजीत, मग राज्यशास्त्रात. ३० जुलै २०१५ ला त्याला इथेच फाशी झाली. त्याच्या गुन्ह्याबद्दल मला काही मऊ बोलायचं नाही. पण माफीचे दिवस त्याच्या कामाचे नव्हते.

खरी अडचण दुसरीच आहे. मुक्त विद्यापीठांचा कारभार ऑनलाइन झाला. अर्ज, हॉलतिकीट, निकाल सगळं संकेतस्थळावर, व्याख्यानं यूट्यूबवर. घरी बसून शिकणाऱ्याची चांगलीच सोय झाली. बराकीत मात्र मोबाइल सापडला तर गुन्हा दाखल होतो. म्हणजे ज्याच्यासाठी घरपोच विद्यापीठ सगळ्यांत गरजेचं, त्याच्याच हाती फक्त छापील पुस्तक उरतं.

बरं, आत स्क्रीनच नाही असंही नाही. कोर्टाची तारीख व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर होते. करोनापासून घरच्यांची ई-मुलाकातही होते. तारखेला चालणारा स्क्रीन धड्याला का चालू नये? ऑस्ट्रेलियातल्या सदर्न क्वीन्सलँड विद्यापीठाने तर इंटरनेटशिवाय चालणारे, धडे आधीच भरलेले लॅपटॉप तुरुंगांत पोचवले. सुरक्षेचा प्रश्न तिथेही होताच.

सर्वांत जास्त कुचंबणा कच्च्या कैद्यांची. देशात दर चार बंद्यांमागे सुमारे तीन तेच. शिक्षाच झालेली नाही, तर माफी कशातून मिळणार? जामीन कधी होईल, दुसऱ्या तुरुंगात कधी हलवतील, नेम नसतो. अशा माणसाला तीन वर्षांच्या पदवीपेक्षा दोन-तीन महिन्यांत हाती येणारं, सुटल्यावर बाहेर पुढे नेता येणारं शिक्षण हवं.

तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल, तर पुढच्या मुलाकातीत केसबरोबर एवढंही विचारा: शिक्षण कुठे थांबलं होतं?