मूल कोठून निघाले आणि कोठवर आले

शाळेचा निकाल लागला, की गावात एक जुने भांडण नव्याने सुरू होते. निकाल पडला तर पालक म्हणतात, "मास्तर शिकवीत नाहीत." मास्तर म्हणतात, "घरी पुस्तक उघडत नाहीत, आई-बाप अडाणी, आम्ही तरी काय करणार?" आणि निकाल चांगला लागला, तर दोघेही आपापल्या परीने श्रेय घेतात. ह्या भांडणाच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. मुलाच्या शिक्षणात घराचा वाटा किती आणि शाळेचा किती? हा वाटा कोणी मोजून पाहिला आहे काय?

मोजून पाहिला आहे, आणि तोही एका फार मोठ्या शहरात. त्या शहराचे नाव शिकागो. अमेरिकेच्या मध्यभागी, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या ह्या शहराच्या सार्वजनिक शाळांचा कारभार एकाच मंडळाकडे आहे. ह्या मंडळाच्या सहाशेहून अधिक शाळा आहेत. २०२३-२४ साली त्यांत सव्वातीन लाखांच्या आसपास मुले शिकत होती. त्याच्या वीस वर्षे आधी हाच आकडा सव्वाचार लाखांच्या वर होता.

ही मुले कोणाची? शेकडा ४७ च्या जवळपास मुले मेक्सिकोतून व लॅटिन अमेरिकेतील इतर देशांतून आलेल्या कुटुंबांतली आहेत. त्यांतील पुष्कळांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. सुमारे एक तृतीयांश मुले कृष्णवर्णीय, आणि गोरी मुले जेमतेम दहांत एक. चारांपैकी सुमारे तीन मुले गरीब घरची.

ही वाटणी आपोआप झालेली नाही. विसाव्या शतकात दक्षिणेतील कापसाच्या प्रदेशातून लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडे कामधंद्यासाठी आली आणि त्यांतील पुष्कळ शिकागोत स्थिरावली. त्यांना ठरावीक वस्त्यांतच राहू दिले जाई. वस्ती कोंदली, तशा शाळाही कोंदल्या. कित्येक शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या, आणि जवळच्याच गोऱ्यांच्या शाळांत बाके रिकामी असताना ह्या मुलांसाठी पटांगणात फिरत्या खोल्या आणून ठेवण्यात आल्या. ह्याविरुद्ध २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुले शाळेत गेलीच नाहीत. पुढे गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली आणि शहराच्या शाळांत उरली ती बहुतांशी गरिबांची मुले.

त्या बहिष्काराला तीन वर्षे होतात न होतात तोच, १९६६ साली, अमेरिकेत एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सरकारच्या सांगण्यावरून देशभरातील सुमारे ४ हजार शाळा आणि ६ लाखांवर विद्यार्थी ह्यांची पाहणी केली होती. सर्वांची अपेक्षा अशी, की इमारती, पुस्तके, प्रयोगशाळा कमी म्हणून गरीब मुले मागे, असे निघेल. निघाले वेगळेच. परीक्षेतील गुणांचा सर्वांत निकटचा संबंध दिसला तो मुलाच्या घराशी. आई-बापांचे शिक्षण, घरची स्थिती आणि वर्गातले सोबती ह्यांचे वजन इमारतीपेक्षा कितीतरी अधिक भरले.

ह्या अहवालाचा अर्थ अनेकांनी सोयीने लावला. "घरच असे, तर शाळा काय करणार?" असे म्हणायला एक शास्त्रीय आधार मिळाला. आपल्याकडच्या मास्तरांचे वाक्य आणि हे वाक्य ह्यांत फारसा फरक नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

पण येथे थोडे थांबून विचार करू या. समजा, एका शेतकऱ्याकडे बागाईत आहे आणि दुसऱ्याकडे मुरमाड जिराईत. बागाईतवाल्याच्या खळ्यावर रास मोठी पडणारच. तेवढ्यावरून तो अधिक चांगला शेतकरी, असे आपण म्हणतो काय? जाणता माणूस विचारतो, की ह्या जमिनीत पाच वर्षांपूर्वी काय पिकत होते आणि आज काय पिकते? रास जमिनीबद्दल सांगते. वाढ मात्र कसणाऱ्याबद्दल सांगते.

शाळेच्या गुणांचेही असेच आहे. एका वर्षीचे गुण बहुतांशी मूल कोठून निघाले ते सांगतात. शाळेचे काम कळायचे, तर तेच मूल तिसरीत कोठे होते आणि आठवीत कोठवर आले, हे पाहावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन ह्या प्राध्यापकांनी २००९ ते २०१४ ह्या वर्षांतील शिकागोच्या मुलांचा असा हिशेब मांडला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध केला. तिसरीत ही मुले देशाच्या सरासरीहून पुष्कळ मागे होती. पण तिसरी ते आठवी ह्या पाच वर्षांत त्यांनी जे शिकून घेतले, ते सरासरी मुलाच्या सहा वर्षांच्या शिक्षणाइतके भरले. ही प्रगती गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक अशा सर्व गटांत दिसून आली. अनेक सधन उपनगरांतील मुलांचा वेगही इतका नव्हता.

आता हेच शहर पाहा. १९८७ साली अमेरिकेच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी, विल्यम बेनेट ह्यांनी, शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. मग मधल्या काळात घडले काय? मुले बदलली काय? नाही. ती गरिबांचीच होती. बदलले ते दुसरे काही.

पहिली गोष्ट, १९८८ साली कायदा होऊन प्रत्येक शाळेला एक निवडलेली समिती मिळाली. तीत सहा पालक, दोन वस्तीतले नागरिक, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही ह्या समितीकडे आला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरवले, त्याच्या वीसेक वर्षे आधीची ही गोष्ट. सगळीकडे समित्या सारख्याच चालल्या असे नाही. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संशोधकांनी १९९० ते १९९६ ह्या काळात सुधारलेल्या शंभर आणि न सुधारलेल्या शंभर प्राथमिक शाळा शेजारी ठेवून पाहिल्या. जेथे मुख्याध्यापक समर्थ, शिक्षक एकमेकांच्या विचाराने चालणारे, पालकांशी जिव्हाळा, मुलांना वर्गात सुरक्षित वाटणारे वातावरण आणि शिकवण्यात सुसूत्रता, अशा पाचही बाजू भक्कम होत्या, तेथे सुधारणा झाली. त्यांतली एखादी बाजूही वर्षानुवर्षे कमकुवत राहिली, तर सुधारणा क्वचितच दिसली. आणि ज्या वस्त्यांत दारिद्र्य व गुन्हेगारी पराकोटीची होती, तेथे तेवढ्याच सुधारणेसाठी शाळेला कितीतरी अधिक बळ लावावे लागले. घराचा वाटा खोटा नाही, हे येथेही दिसते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि शिक्षकमंडळींनी ती अवश्य ध्यानात घ्यावी. तिकडे नववीपासून मुले माध्यमिक शाळेत जातात. शाळा नवी, शिक्षक नवे, सोबती नवे. संशोधकांना असे आढळले, की मूल शालान्त शिक्षण पुरे करील की मध्येच सोडील, हे बव्हंशी ह्या एका वर्षात ठरते. जे मूल दहावीत जाण्यापुरते विषय पुरे करते आणि वर्षभरात मुख्य विषयांत एकापेक्षा अधिक वेळा सत्रात नापास होत नाही, ते "वाटेवर" आहे, असे त्यांनी मानले. वाटेवर असलेले मूल शिक्षण पुरे करण्याचा संभव, वाट चुकलेल्या मुलाच्या साडेतीन पट निघाला. मुलाचा वर्ण, घरची गरिबी, आठवीचे गुण ह्यांवरून जो अंदाज बांधता येई, त्याहून हा अंदाज अधिक खरा ठरला.

आणि नववीत मुले वाट चुकतात ती कशामुळे? २००७ साली ह्याचे उत्तर आले, ते फारच साधे होते. गैरहजेरीमुळे. आठवीत वरच्या गुणांनी आलेली, पण सत्रात दोन आठवडे गैरहजर राहिलेली मुले एकीकडे घ्या. दुसरीकडे घ्या खालच्या गुणांची, पण एकच आठवडा गैरहजर असलेली मुले. नापास होण्याचे प्रमाण हुशार मुलांत अधिक निघाले! म्हणजे कच्चे मूल रोज येत असेल, तर ते तरते. पक्के मूल दांड्या मारू लागले, तर ते बुडते.

हे कळल्यावर शाळांनी काय केले? नववीला शिकवणारे शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसू लागले. कोणते मूल किती दिवस आले नाही, कोण कोणत्या विषयात मागे पडले, ह्याची नावनिशीवार यादी त्यांच्या हातात असे. वर्षअखेरीची वाट न पाहता, चार दिवस मूल दिसले नाही की घरी विचारणा होई, एका विषयात घसरले की शाळा सुटल्यावर मदत मिळे. २००७ साली शेकडा ५७ मुले वाटेवर होती, ती २०१३ साली शेकडा ८२ झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शालान्त शिक्षण पुरे करणारी मुले निम्मीही नव्हती. २०१८ पर्यंत ती चारांत तीनांहून अधिक झाली.

श्रोतेहो, हे ऐकून कोणी म्हणेल, की सगळेच छान झाले. तसे नाही. ह्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आकड्यांवर शाळेची प्रतिष्ठा अवलंबून राहू लागली, की आकडे सजवण्याचा मोह होतो. शाळा सोडलेल्या कित्येक मुलांची नोंद "दुसरीकडे गेले" अशी होत असल्याचे वार्ताहरांनी उघडकीस आणले, आणि २०१५ साली मंडळाला आपले जुने आकडे खाली आणून पुन्हा प्रसिद्ध करावे लागले. आपल्याकडे २०११ साली झालेली पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. पटावरचे मूल आणि बाकावरचे मूल ह्यांत अंतर पडले, की हिशेबच खोटा होतो. शिवाय २०१३ साली, पट घटला म्हणून शिकागोत एकाच वर्षी सुमारे पन्नास शाळा बंद करण्यात आल्या. त्यांत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती, आणि ती जखम त्या वस्त्यांत अजून ओली आहे. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या निकालांतील दरीही बुजलेली नाही. २०२० च्या महामारीनंतर हजेरीची घडी तर पारच विस्कटली. २०२२ ते २०२४ ह्या वर्षांत दर पाचांमागे सुमारे दोन मुले शाळेच्या दिवसांपैकी दहावा हिस्सा वा त्याहून अधिक दिवस गैरहजर होती. मिळवलेले टिकवायलाही मेहनत लागते, हाच ह्याचा अर्थ.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडेही मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाते. जुने गुरुजी मागे राहतात, वाट लांबते, वर्गात साठ नवी तोंडे असतात. ह्याच वळणावर किती मुले गळतात, आणि त्यांत मुली किती, हे शिक्षकांना मी सांगायला नको. मराठवाड्यात तर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की आई-बापांबरोबर मुलेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसून निघून जातात आणि बाक सहा-सहा महिने रिकामे राहते. ह्या मुलांना "मठ्ठ" म्हणणे म्हणजे न पेरलेल्या शेताला नापीक म्हणण्यासारखे आहे. मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, ती ह्याच कारणाने. गावाने ती नीट चालवली, तर दहा सुट्ट्या शिकवण्यांनी होणार नाही एवढे काम होते.

तेव्हा पालकांना माझे एवढेच सांगणे, की निकालाच्या दिवशी शाळेत जाऊन भांडण्यापेक्षा जुलैत आणि नोव्हेंबरात जाऊन आपल्या मुलाची हजेरी पाहा. शाळेचा दर्जा ठरवताना, "किती टक्के लागले?" एवढेच न विचारता, "आमची पोरे आली तेव्हा काय येत होते आणि आता काय येते?" हेही विचारा. आणि शिक्षकांना विनंती अशी, की घराचा वाटा मोठा आहे हे खरे असले, तरी तो वाटा वर्षाच्या पहिल्या दिवसाचा आहे. त्या दिवशी वर्गात कोण येऊन बसले, ते आपल्या हाती नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांतले कोण आले नाही, हे विचारणे आपल्या हाती आहे. हजेरीपट भरून कपाटात ठेवण्याआधी त्यातल्या रिकाम्या चौकोनांकडे एकदा नीट पाहावे. एवढे जरी ह्या सत्रात झाले, तरी पुष्कळ मुले वाटेवर राहतील.